सही न देण्यातली गंमत

जिरावण | मंगळवार, रात्री १०:५०

बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज एक कबुली द्यायची आहे. ओळखीच्या माणसांपुढे देता येत नाही म्हणून इथे देतोय.

जुन्या इंदुरात, रामबागेच्या अंगाला आमचा वाडा आहे. वाडा आपलं म्हणायचं. पुढे ओटला, मागे बुजलेली विहीर, वर दोन खोल्या आणि त्यांवर गळकी कौलं. चार हिस्सेदार आहेत. तिघांनी विक्रीच्या कागदावर सह्या केल्या, चौथी माझी राहिली आहे. २०१६ पासून राहिली आहे. बिल्डर तीनदा घरी येऊन गेला. शेवटच्या खेपेला काजूकतली घेऊन आला. मी काजूकतली खाल्ली, सही दिली नाही.

कारण सांगतो. बाबा वरच्या दोन खोल्यांत राहायचे. १९८० पासून २०१० पर्यंत दर वर्षाची एक, अशा त्यांच्या ३१ डायऱ्या तिथे फळीवर ओळीने लावलेल्या होत्या. नोव्हेंबर २०११ मध्ये ते गेले. तेरावा झाला, दुसऱ्या दिवशी मी वर गेलो तर फळी रिकामी. चुलतभाऊ, म्हणजे आमचा अण्णा, खालून म्हणाला, "अरे, रद्दी होती, काढून टाकली. हे तिचे पैसे." आणि माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. ८४ रुपये. १२ किलो भरली, भाव ७ रुपये. हिशोब पाकिटावर पेनाने लिहिलेला होता.

ते पाकीट माझ्या कपाटाच्या चोरकप्प्यात आहे, बायकोच्या पाटल्यांशेजारी. नोटा बदलल्या, सरकारं बदलली, त्या ८४ रुपयांना मी हात लावलेला नाही.

सही दिली असती तर मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढावं लागलं नसतं. म्हणजे मी माझंच नुकसान करतोय हे मला पक्कं कळतं. पण दर दिवाळीला अण्णाचा फोन येतो, "काय ठरवलंस?" मी म्हणतो, "बघतो." हे 'बघतो' म्हणताना तोंडाला जी चव येते, ती सराफ्यात रात्री बारा वाजता कढईतून काढलेल्या गराडूवर लिंबू पिळून खाताना पण येत नाही.

क्षमा करा, सोडून द्या, हे कृपया लिहू नका. ते मला घरी रोज मिळतं. मला एवढंच विचारायचंय की ही चव कशाची? आणि तुमच्या चोरकप्प्यात असं काही आहे का?

---

सहज_सुचलं | मंगळवार, रात्री ११:०५

काजूकतली खाऊन सही न देणे! इथेच सतरंजी टाकून बसतोय.

---

निळीशाई | मंगळवार, रात्री ११:४०

माझ्या आजीची गोष्ट सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी तिला वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. घरी येऊन बघते तर वाटीच्या बुडाशी तिसऱ्याच कुणाचं नाव कोरलेलं. म्हणजे आलेलं वाण पुढे ढकललेलं. आजी एक अक्षर बोलली नाही. पुढच्या संक्रांतीला तिने तीच वाटी चिंचेने लख्ख घासली आणि त्याच बाईंना वाण म्हणून दिली. त्या काय कमी! त्याच्या पुढच्या वर्षी वाटी परत आजीकडे. असं चौदा वर्षं चाललं. तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणायचं आणि वाटी सरकवायची. त्यावरून दोघींत कधी भांडण नाही की खुलासा नाही.

त्या बाई वारल्या तेव्हा वाटी आजीकडे होती. पुढच्या संक्रांतीला आजीने सवयीने ती घासायला काढली आणि हातात धरून तशीच बसून राहिली. "आता ही कुणाला देऊ?" असं म्हणाली. मी सात-आठ वर्षांची असेन, पण तो चेहरा मला आठवतो. हल्ली त्या वाटीत आई विरजण लावते.

धागाकर्त्यांना उत्तर देता येत नाही, पण चव बहुधा हीच. आपल्याकडे आहेराची वही असते ना, तशी. कुणी किती दिले ते लिहायचं, त्यांच्याकडे कार्य निघालं की वही काढायची आणि तेवढेच द्यायचे. ज्याने प्रेमाने दिले तो आणि ज्याने हात आखडला तो, दोघं एकाच वहीत, एकाच शाईत. खातं बंद झालं की जाणं-येणंही बंद होतं.

---

वकीलीणबाई | बुधवार, सकाळी ७:२०

जिरावण, मी जिल्हा कोर्टात वाटपाचे दावे चालवते. भाऊबंदकीवर माझं घर चालतं, तेव्हा उपदेशाचा अधिकार मला नाही. फक्त एक गोष्ट नजरेस आणते.

तुमच्या एका सहीने काम अडलंय असं तुम्हाला वाटतं, ते अर्धंच खरं आहे. सामाईक मिळकतीतला कोणताही हिस्सेदार वाटपाचा दावा लावू शकतो. कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनामा करून हिस्से ठरवतं, मग कमिशनर नेमून मोजणी होते, मग अंतिम हुकूमनामा. वाडा चार तुकड्यांत कापता येण्यासारखा नसेल तर १८९३ चा विभाजन कायदा आहे, त्याखाली कोर्ट विक्री करून पैसे वाटून देऊ शकतं. वेळ लागतो, कधी फार लागतो, पण होतं. लोक अदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपीलही नाही.

हे सगळं तुमच्या अण्णांना त्यांच्या वकिलाने पहिल्याच दिवशी सांगितलं असणार. नऊ वर्षं झाली. त्यांनी दावा लावलेला नाही. दर दिवाळीला फोन करतात.

का, ते मला ठाऊक नाही. माझ्याकडे येणारे लोक नऊ महिने थांबत नाहीत.

---

जिरावण | बुधवार, सकाळी ८:१५

वकीलीणबाई, हे कधी डोक्यातच आलं नाही. पोहे तसेच राहिले समोर.

---

सहज_सुचलं | बुधवार, सकाळी ८:१७

इंदूरच्या माणसाने पोहे तसेच ठेवले म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

---

बुऱ्हाणपूरकर | बुधवार, दुपारी १:३०

आमच्या गावापासून वीसेक किलोमीटरवर असीरगड. गडावर महादेवाचं देऊळ आहे आणि लहानपणापासून ऐकतो ते असं, की पहाटे दार उघडावं तर पिंडीवर ताजं फूल असतं. अश्वत्थामा येऊन पूजा करून जातो. मी दोन वेळा रात्री गड चढायला निघालो, दोन्ही वेळा आईने चप्पल लपवली. नर्मदा परिक्रमेला जाऊन आलेली मंडळी पण सांगतात, शूलपाणीच्या झाडीत एक धिप्पाड माणूस कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो.

खरं-खोटं सोडा. लोकांनी चिरंजीव म्हणून वणवण फिरायला कुणाला निवडलं ते बघा. बापाला फसवून मारलं, हा त्याचा राग काही खोटा नव्हता. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवल्यावरच त्यांचं डोकं उडवलं गेलं. तक्रार शंभर टक्के खरी. मग रात्री छावणीत शिरून त्याने झोपलेली पोरं कापली. भागवतात द्रौपदी म्हणते, सोडा त्याला, माझ्यासारखी त्याची आई रडायला नको. मणी काढून घेतला आणि सोडला. मेला असता तर गोष्ट संपली असती.

जिरावण, तुमच्या पाकिटावरून हे आठवलं, राग मानू नका.

---

मिलचा_भोंगा | बुधवार, दुपारी ३:०५

सगळ्या तक्रारी एका तराजूत घालू नका भिया. माझे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. १२ डिसेंबर १९९१ ला मिल बंद पडली, देणी बुडाली. मी तेव्हा सहावीत. "आता सोडून द्या, नवीन काहीतरी बघा," असं सांगणारे किती आले आमच्या दारी! सोडून दिलं असतं तर काय मिळालं असतं? बैठका, मोर्चे, कोर्टाच्या तारखा. वडील दर बैठकीला इस्त्रीचा सदरा घालून जायचे. डिसेंबर २०२३ मध्ये चार हजार आठशेच्या आसपास कामगारांच्या देण्यांचे २२४ कोटी सुटले. ३२ वर्षांनी. अनेक जण तोवर गेले होते, माझे वडीलही. पैसे आईच्या नावावर आले.

याला कुणी डूख म्हणेल तर मी वाद घालीन. अनंत चतुर्दशीला मिलची झांकी, म्हणजे चित्ररथ, निघायची तेव्हा वडील पुढे असायचे, मिल बंद पडल्यावरही. मालकांना शिव्या द्यायचे आणि झांकीसाठी वर्गणी पण द्यायचे. आम्हाला सूड नको होता, हिशोब हवा होता.

धागाकर्त्यांना विचारतो. तुम्हाला काय मिळालं म्हणजे तुमचं देणं फिटेल? आमच्याकडे आकडा होता. तुमच्याकडे आहे का?

---

जिरावण | बुधवार, सायंकाळी ६:४०

भोंगा, आकडा नाही. मी आज ऑफिसात हाच विचार करत होतो. अण्णा घरी येऊन पाया पडला तर? नको वाटलं, विचित्र दिसेल. डायऱ्या परत आल्या तर? येणारच नाहीत, लगदा होऊन कधीच पुठ्ठे झाले असतील. म्हणजे मागण्यासारखं काहीच नाही आणि तरी मी मागतोय.

---

ग्वाल्हेरी_गजक | बुधवार, रात्री ९:१०

इंदूरकरांनी सूडावर धागा काढावा आणि होळकर-शिंदे येऊ नयेत? मीच आणतो.

१७९७ मध्ये पुण्यात आमच्या दौलतराव शिंद्यांच्या फौजेने दुसऱ्या मल्हारराव होळकरांना मारलं. एप्रिल १८०१ मध्ये पेशव्यांनी, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाने, विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं. विठोजींचे भाऊ यशवंतराव, त्यांनी त्या जुलैत उज्जैनला शिंद्यांची फौज कापून काढली. ऑक्टोबरात शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे इंदुरात शिरले आणि शहर लुटून जाळलं. पुढच्या वर्षी ऐन दिवाळीत, २५ ऑक्टोबर १८०२ ला, यशवंतरावांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे दोघांच्याही फौजा झोडल्या. भावाचं उट्टं निघालं. बाजीराव पळाला तो थेट इंग्रजांच्या कुशीत, ३१ डिसेंबरला वसईचा तह. पुढच्या सप्टेंबरात आसईला शिंदे-भोसले इंग्रजांशी लढत होते तेव्हा होळकर बाजूला राहिले. आणि १८०४ मध्ये होळकर लढायला उठले तेव्हा शिंदे तह करून बसले होते.

प्रत्येक वेळी ज्याची पाळी होती त्याचं कारण सबळ होतं. यशवंतरावांच्या जागी कुणीही असता तरी हेच केलं असतं. पण तारखा ओळीने वाचल्या की वाड्याच्या सह्या आठवतात.

---

ओटल्यावरचा | बुधवार, रात्री ९:३२

ग्वाल्हेरकरांनी इंदूरकरांना हे सांगावं! आमच्या राजवाड्याला पहिली आग तुमच्याच माणसाने लावली. १९८४ ची वेगळी.

---

ग्वाल्हेरी_गजक | बुधवार, रात्री ९:३५

बघा, सव्वादोनशे वर्षं झाली, अजून धग आहे. गजक पाठवू का?

---

ओटल्यावरचा | बुधवार, रात्री ९:५८

पाठवा. शेव पाठवतो.

पण होळकरांचंच काढलंत तर आधीचंही ऐका. मार्च १७५४, कुंभेरीचा वेढा. थोरल्या मल्हाररावांचा एकुलता मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेला. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या, त्यांना सासऱ्यांनीच अडवलं हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच माणसाने तिथे काय प्रतिज्ञा केली ते शाळेत कमी सांगतात. सूरजमल जाटाचं डोकं उडवीन आणि कुंभेरीचा किल्ला खणून त्याची माती यमुनेत टाकीन, अशी ती बखरकार सांगतात. आत सूरजमलाच्या राणीने डोकं चालवलं, नवऱ्याची पगडी वेढ्यात मल्हाररावांबरोबर असलेल्या जयाप्पा शिंद्यांकडे पाठवली, जयाप्पांनी आपली उलट पाठवली. झाले पगडीभाऊ. मे महिन्यात वेढा उठला. मल्हारराव आणि जयाप्पांच्यात जी अढी पडली ती पडलीच.

पुढचं ऐका. सात वर्षांनी पानिपत. उपाशी, उघडीनागडी मराठी माणसं दक्षिणेकडे पळत सुटली तेव्हा त्यांना अन्न, कपडे, आसरा कुणी दिला? सूरजमलाने. प्रतिज्ञा पुरी झाली असती तर त्या वाटेवर कुंभेरीऐवजी एक खड्डा असता.

मला यात मल्हाररावांचं चुकलं असं म्हणवत नाही. मुलगा गेला होता. शिवाय सुनेला मागे ओढताना त्यांना त्याच क्षणी काहीतरी वाचवायचंही सुचत होतं. एकाच माणसात, एकाच आठवड्यात दोन्ही.

---

बडोद्याचा_चिवडा | गुरुवार, सकाळी १०:२०

'चव कशाची' या प्रश्नाचं थोडं शास्त्रीय उत्तर आहे. २००४ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी पैशांचा एक खेळ खेळवला. ज्याने विश्वासघात केला त्याला दंड करायची मुभा दिली आणि दंड ठरवताना लोकांच्या मेंदूचं चित्रण केलं. खाण्यापिण्याचं किंवा बक्षिसाचं सुख अपेक्षित असताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच जागा झालेला दिसला. स्वतःच्या खिशाला खार लावून दंड करायचा असतानाही. म्हणजे जिरावण यांनी गराडूची उपमा दिली ती अगदीच हवेतली नाही.

आता दुसरी बाजू. २००८ मध्ये अमेरिकेत असाच खेळ मांडला. काहींना लबाडाला शिक्षा करता आली, काहींना ती संधीच दिली नाही. सगळ्यांना वाटत होतं की शिक्षा केली की बरं वाटेल. झालं उलटंच. शिक्षा करणारे थोड्या वेळाने जास्त खट्टू होते आणि त्या लबाडाचाच विचार जास्त करत होते. ज्यांना संधी मिळाली नव्हती ते विसरून मोकळे झाले होते. सुख आहे ते वाट बघण्यात, पदार्थ पानात पडला की नाही.

तेव्हा जिरावण, तुम्ही सही अडवून ठेवलीत हे एका परीने हुशारीचंच. पदार्थ कायम कढईत.

---

तिरफळ | गुरुवार, दुपारी १२:४५

चिवडा यांचे प्रयोग छान आहेत, पण दहा मिनिटांच्या खेळात फसवला गेलेला विद्यार्थी आणि वीस वर्षं एका घरात राहून टोमणे खाल्लेली बाई यांत फरक आहे, एवढं नोंदवते. 'सोडून दे' हा सल्ला आपल्याकडे कुणाला दिला जातो तेही बघा. सासूला, नवऱ्याला, दिराला कुणी देत नाही.

माझं सांगते. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "हिला इंग्रजी येत नाही हो, गावाकडची आहे." चहाचा ट्रे माझ्या हातात असायचा तेव्हाच सांगायच्या. मी त्या रागावर एम.ए. केलं. त्या रागावर बी.एड. केलं. पहाटे चारला उठवायला मला गजर लागला नाही, ते वाक्य पुरायचं. आज पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. मनात तेव्हापासून एक प्रसंग तयार होता, घरात चार माणसं बसलीत, मी फाडफाड बोलतेय आणि त्या ऐकतायत. संवादसुद्धा ठरलेले.

नोकरी लागली तोवर त्यांचा विसराळूपणा सुरू झाला होता. पुढे त्या मला ओळखेनाशा झाल्या. भरवायला बसले की शेजारणीला सांगायच्या, "ही नर्स फार चांगली आहे, इंग्रजी पण येतं हिला."

मी चमचा हातात धरून बसले होते. हसावं की काय करावं कळेना. हिशोब माझ्याकडे पै-पैचा तयार, आणि ज्यांना दाखवायचा त्यांचं दुकानच बंद.

आजही तो राग वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याने मला उभं केलं. फक्त आता त्याचं काय करायचं ते कळत नाही. वाटीवाल्या आजी मला कळल्या.

---

निळीशाई | गुरुवार, दुपारी १:०२

तिरफळ, काय लिहू. वाटी हवी असेल तर पाठवते.

---

सहज_सुचलं | गुरुवार, दुपारी १:१०

मी विनोद करायला बसलो होतो. सतरंजी गुंडाळतो.

---

अर्धा_कप_चहा | गुरुवार, रात्री १०:१५

जिरावण, दोन प्रश्न. आवडले नाहीत तर उत्तर देऊ नका.

एक. त्या ३१ डायऱ्यांपैकी तुम्ही किती वाचल्या होत्या?

दोन. १९८० ते २०१० म्हणजे बरोबर ३१. पण बाबा २०११ च्या नोव्हेंबरात गेले असं तुम्हीच लिहिलंय. रोज लिहिणारा माणूस त्या वर्षी थांबला असेल का? २०११ ची कुठे आहे?

---

ओटल्यावरचा | गुरुवार, रात्री १०:२१

बाप रे.

---

जिरावण | शुक्रवार, रात्री ११:५५

पहिल्याचं उत्तर लगेच येत होतं, लिहायला एक दिवस लागला. एकही नाही. तीस वर्षं ती फळी डोळ्यांसमोर होती. आधी वाटायचं, दूध-किराण्याचा हिशोब असेल. मग नोकरीसाठी भोपाळला गेलो, यायचो तो दोन दिवस. 'नंतर कधीतरी वाचू' हे मी बाबांना तोंडावरसुद्धा म्हणालो होतो एकदा. ते म्हणाले होते, "त्यात काही नाही रे."

दुसऱ्या प्रश्नावर मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "दवाखान्यातली पिशवी माळ्यावर आहे ना." आहे, मला माहीत होतं. बाबांना ऑक्टोबरात भरती केलं तेव्हा बरोबर नेलेली पिशवी. चष्मा, कवळी, पंचा आणि डायरी. चौदा वर्षं ती माझ्याच डोक्यावर आहे. आज शिडी लावून काढली. पिशवीला अजून स्पिरिटचा वास येतो की मलाच येतो, सांगता येत नाही.

वाचली. चार तास लागले. बाबा खरंच बोलले होते, त्यात फारसं काही नाही. दूध दोन लिटर. गॅस आला. बीपी १५०/९०. नळाला पाणी नाही. कौल सरकलं. अण्णाने औषधं आणली. अण्णाने कौल बसवलं. अण्णाबरोबर दवाखाना, रिक्षा ६०. पानापानावर अण्णा. आणि दर आठ-दहा दिवसांनी एक ओळ, "चि. चा फोन नाही." चि. म्हणजे मी. मोजल्या नाहीत. मोजायला लागलो होतो, थांबलो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. १९ जुलैच्या पानावर हिशोब नाही, बीपी नाही. मधोमध एवढंच आहे:

"आज २६ वर्षे झाली. भाऊ विसरला असेल. मी नाही."

भाऊ म्हणजे माझे मोठे काका, अण्णाचे वडील. २०११ तून २६ गेले, १९८५. १९ जुलै १९८५ ला काय झालं, मला माहीत नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो, घरीच होतो. रोज एका पंगतीत जेवायचो. दोघं भाऊ गणपती एकत्र बसवायचे, काकांच्या साठीला बाबांनीच भाषण केलं होतं. मला कधी काही दिसलं नाही. मागच्या २६ डायऱ्यांत त्या तारखेला काय लिहिलं होतं, ते पुठ्ठ्यात गेलं.

बायकोला दाखवलं. तिने पान वाचलं, मग माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं बोलणार, पण ती चहा टाकायला गेली.

बाबा गेले, काका २०१६ मध्ये गेले. माहीत असेल तर काकूंनाच. त्या ८८ वर्षांच्या आहेत, वाड्यातच खालच्या खोलीत असतात. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, समोर बसून कानाशी मोठ्याने बोलावं लागतं, असं अण्णा दिवाळीत म्हणाला होता. मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं, 'बघतो' म्हणायच्या घाईत होतो.

बायको म्हणतेय, रविवारी जाऊन ये.

मी म्हटलं, बघतो.